घोडीच्या पाठीवरचे घर

फलटण-माणदेशाकडचे मेंढपाळ दिवाळीनंतर कोकणाची वाट धरतात, तेव्हा त्यांचा सारा संसार घोडीच्या पाठीवर असतो. मेंढ्या, घोडी आणि राखणीचा कुत्रा यांच्या आधाराने चालणाऱ्या या फिरत्या घराची ही ओळख.

दिवाळीचे फटाके थंडावले, की पुणे-बेंगळुरू महामार्गावर शिरवळच्या आसपास एखाद्या सकाळी गाड्या अचानक थांबतात. ट्रकचे भोंगे वाजू लागतात. पुढे पाहावे तर काळ्या-करड्या मेंढ्यांचा लोंढा रस्ता ओलांडत असतो. खांद्यावर घोंगडी आणि हातात काठी घेतलेला, लाल मुंडासे बांधलेला एक माणूस मधोमध उभा राहून कळपाला वाट करून देत असतो. शेवटचे कोकरू पलीकडे गेले, की गाड्या सुरू होतात आणि पाच मिनिटांचा खोळंबा लोक विसरूनही जातात.

खरे पाहण्यासारखे दृश्य मात्र त्यानंतर येते. मेंढ्या गेल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने त्याच वाटेने बायका येतात. प्रत्येकीच्या हातात घोडीचा दोर असतो. घोडी ठेंगणी, अंगाने सडपातळ, पण पायाने पक्की. तिच्या पाठीवर अंथरुणे-पांघरुणे, पिठाची गोणी, भांड्यांचे गाठोडे, जाळ्यांचे वेटोळे असते. त्या सगळ्यावर पाय बांधलेल्या दोन-तीन कोंबड्या ऐटीत बसलेल्या असतात. एखाद्या घोडीवर कालच जन्मलेले कोकरू असते, तर एखादीवर दोन-तीन वर्षांचे मूल पेंगत असते. घोडीच्या सावलीतून जीभ बाहेर काढून कुत्रा चालत असतो.

मोटारीच्या खिडकीतून पाहणारी मुले विचारतात, "ही माणसे कुठे चालली?" आईवडिलांना बहुतेक वेळा उत्तर देता येत नाही. उत्तर तसे सोपे आहे. ती कुठे चाललेली नसतात. ती घरीच असतात. फक्त त्यांचे घर चालत असते.

गाव एक, रान अनेक

हे लोक बेघर नाहीत. फलटण, माण, खटाव, बारामती, पुरंदर या तालुक्यांच्या कोरडवाहू पट्ट्यात त्यांची गावे आहेत. गावात घर आहे, मतदार यादीत नाव आहे आणि बहुतेकांची दोन-चार एकर माळरानाची जमीनही आहे. त्या जमिनीत पावसाळ्यात बाजरी, मटकी, हुलगा येतो. पण तेवढ्यावर वर्ष निघत नाही. सह्याद्रीच्या पूर्वेकडचा हा भाग पर्जन्यछायेतला. पश्चिमेचे ढग डोंगरावर रिकामे होतात आणि इकडे येईपर्यंत त्यांच्यात फारसे पाणी उरत नाही. दिवाळीपर्यंत माळावरचे गवत संपते. मग शंभर मेंढ्यांना खायला काय घालायचे?

याचे उत्तर या समाजाने शेकडो वर्षांपूर्वी शोधून ठेवले आहे. कार्तिकात कोकणातले भात कापून होते. रिकाम्या खाचरांत धसकटे, बांधावर हिरवे गवत आणि झाडाझुडपांना पाला असतो. म्हणून कळप पश्चिमेला जातो. फलटण, लोणंद, शिरवळ, भोर आणि मग वरंध घाट उतरून महाड, ही त्यांच्या अनेक वाटांपैकी एक. काही वाडे बोरघाटाने उतरतात. चार-सहा महिने कोकणात काढून मृगाचा पाऊस यायच्या आत ते घाट चढून परततात, कारण कोकणातला पाऊस दख्खनी मेंढीला मानवत नाही. सतत चिखलात उभे राहून तिचे खूर सडतात आणि अंगावरची लोकर भिजून ती आजारी पडते. कोकणाला पाऊस हवा असतो तेव्हा मेंढपाळ देशावर असतात आणि देशावर गवत नसते तेव्हा ते कोकणात. जाणे-येणे मिळून ही वाट शेकडो किलोमीटरची होते आणि ती सारी पायी.

या प्रवासात चार-पाच ते दहा-बारा कुटुंबे एकत्र असतात. त्यांच्या तळाला 'वाडा' म्हणतात. एरवी वाडा म्हटले, की दगडी भिंती आणि सागवानी खांब आठवतात. या वाड्याला ना भिंत, ना छप्पर. तीन दगडांची चूल, शेजारी अंथरूण आणि भोवती जनावरे, एवढेच त्याचे रूप. पण नियम मात्र पक्के असतात. उद्या कुठे मुक्काम करायचा हे वाड्याचा म्होरक्या ठरवतो. प्रत्येक कुटुंबाची चूल वेगळी आणि मेंढ्याही वेगळ्या. संकट आले तर मात्र सगळ्यांचे.

वाड्याची सकाळ

वाड्यात दिवस उगवतो तो कोकरांच्या ओरडण्याने. रात्रभर मेंढ्या जाळीच्या कुंपणात असतात. सुताच्या जाड दोरीच्या या जाळीला 'वाघर' म्हणतात. जमिनीत खुंट्या ठोकून तिचा गोल केला, की झाला मेंढवाडा. कोकरे वेगळी, बांबूच्या डालग्याखाली किंवा लहान वाघरीत ठेवलेली असतात. पहाटे ती सोडली, की एकच गोंधळ उडतो. शंभर आया आणि पन्नास-साठ लेकरे एकाच वेळी हाका मारतात. पाहणाऱ्याला वाटते, आता ही आपापली आई कशी शोधणार? पण मेंढी वासावरून आपले पिल्लू अचूक ओळखते. चुकीचे कोकरू आले, तर डोक्याने ढकलून देते. पाच-दहा मिनिटांत गलका थांबतो आणि फक्त दूध पिण्याचा चुटचुट आवाज ऐकू येतो.

ज्या मेंढीला पान्हा फुटत नाही किंवा जी पहिलटकरीण पिल्लाला जवळ घेत नाही, तिला घरातली बाई धरून उभी करते आणि कोकराला तिच्या कासेला लावते. मेंढीचा गाभणकाळ सुमारे पाच महिन्यांचा. त्यामुळे वाटेत, घाटात, कुणाच्या तरी बांधावर अशी कितीतरी बाळंतपणे होतात. तास-दोन तासांत कोकरू उभे राहते. पण त्याला पंधरा किलोमीटर चालता येत नाही. म्हणून त्याची जागा घोडीवर.

कळपात दहा-वीस शेळ्याही असतात. त्यांचे दूध चहाला आणि लहान मुलांना होते. शिवाय शेळी धीट असते. ओढा आला, की मेंढ्या काठावर अडून बसतात. शेळी पाण्यात उतरली, की तिच्यामागे सगळ्या जातात. एक मेंढी जिकडे, तिकडे सगळ्या, हे आपण माणसांना टोमणा म्हणून ऐकवतो. मेंढपाळाचे मात्र सारे काम या एका स्वभावावर चालते.

गवतावरचे दंव वाळले, की पुरुष आणि मोठी मुले कळप घेऊन निघतात. मेंढ्या सरळ रस्त्याने जात नाहीत. त्या बांधावरून, पडीक रानातून, ओढ्याच्या काठाने चरत चरत पुढे सरकतात. दुपारी ऊन चढले, की त्या एकमेकींच्या पोटाखाली मुंडकी घालून गोल करून उभ्या राहतात. प्रत्येकीच्या डोक्याला दुसरीची सावली. मेंढका तेवढ्या वेळात भाकरीचे फडके सोडतो. भाकरी, मिरचीचा ठेचा आणि कांदा, हे बहुतेक दिवसांचे जेवण.

बायकांची सोबतीण

पुरुष गेले, की तळावरची खरी लगबग सुरू होते. वाडा हलवण्याचे सारे काम बायकांचे. वाघर सोडून गुंडाळायची, खुंट्या उपटून मोजायच्या, भांडी घासून गाठोडे बांधायचे, पाणी भरायचे आणि मग घोडी लादायची. घोडी लादणे ही एक कलाच आहे. दोन्ही बाजूंचे वजन सारखे हवे. एक बाजू जड झाली, तर ओझे फिरते आणि घोडीची पाठ सोलवटते. पाठीवर जखम झालेली घोडी आठ-पंधरा दिवस कामाला येत नाही. म्हणून आधी पाठीवर जाड खोगीर टाकायचे, त्यावर घोंगडे, त्यावर गोण्या. सगळ्यात वर हलके आणि नाजूक ते: कोंबड्या, कोकरे, मूल.

आपल्या भाषेत 'खोगीरभरती' हा शब्द निरुपयोगी भरताडासाठी वापरतात. खोगिरात कोंबलेल्या चिंध्या-गवतावरून तो आला. 'पायबंद घालणे' हाही घोड्याचाच शब्द. रात्री चरायला सोडलेल्या घोडीचे पाय आखूड दोरीने बांधतात, म्हणजे ती चार पावले टाकून चरू शकते, पण पळून जात नाही. शहरात राहणाऱ्यांच्या बोलण्यात हे शब्द उरले. वाड्यात या वस्तू अजून रोजच्या वापरात आहेत.

ही घोडी कोणती? भीमा नदीच्या काठचा मुलूख म्हणजे भीमथडी. इथली तट्टे काटक म्हणून प्रसिद्ध होती. मराठ्यांच्या फौजा ज्या चपळाईने दख्खनभर फिरल्या, त्यामागे या लहानखुऱ्या घोड्यांचा मोठा वाटा होता. कमी चारा, कमी पाणी, दगडधोंड्यांची वाट, सारे ते सोसतात. फौजा गेल्या, संस्थाने गेली, आणि भीमथडी घोडा नामशेष झाला असे बरेच जण समजू लागले. तो गेला नव्हता. तो मेंढपाळांच्या वाड्यात अंथरुणे वाहत होता. कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने अलीकडे 'भीमथडी' ही घोड्याची स्वतंत्र जात म्हणून नोंदवली. ज्या जातीची नोंद सरकारदरबारी व्हायला इतका काळ लागला, ती जपली ती वाड्यातल्या बायकांनी, कुठलेही अनुदान न घेता.

घोडी आणि बाई यांचे नाते या वाटेवर वेगळेच दिसते. मेंढ्यांचा हिशेब पुरुषाकडे, पण घोडीचा दोर बाईच्या हातात. दहा-पंधरा किलोमीटर चालून ती पुढच्या मुक्कामी आधी पोहोचते. ओझे उतरवते, घोडीची पाठ चोळते, तिला पाणी दाखवते आणि मगच चूल मांडते. घरात कुणी आजारी पडले, तर ते घोडीवर. बाळंतीण असली, तर चार दिवसांनी तीही घोडीवर. घोडी अकरा महिन्यांनी विते. तिचे शिंगरू मोकळेच आईच्या मागून चालते आणि दोन-तीन वर्षांनी त्याच्याही पाठीवर एखादे हलके गाठोडे चढते.

रात्रीचा पहारेकरी

इंग्लंड-स्कॉटलंडच्या चित्रपटांत मेंढ्या वळणारे कॉली कुत्रे दिसतात. शिट्टी वाजली, की ते धावत जाऊन कळप गोळा करून आणतात. आपल्याकडच्या मेंढपाळाचा कुत्रा असे काही करत नाही. दिवसा तो घोडीच्या सावलीत चालतो, मुक्कामी पोहोचला, की गाठोड्याला टेकून झोपतो. नवख्याला वाटेल, हा ऐतखाऊ आहे. त्याची नोकरी अंधार पडल्यावर सुरू होते.

देशावरच्या माळरानात लांडगा आहे आणि घाट-कोकणात बिबट्या. रात्री वाघरीच्या चारी बाजूंना कुत्री पसरून बसतात. वारा कुठून वाहतो आहे त्यावर त्यांचे नाक, आणि वाळल्या पाचोळ्यावर त्यांचे कान. कुत्र्याच्या भुंकण्यातला फरक मेंढक्याला झोपेतही कळतो. माणूस आला तर भुंकणे वेगळे, कोल्हा आला तर वेगळे आणि लांडगा आला तर वेगळेच. मग सगळा वाडा उठतो, बॅटऱ्या चमकतात, आरोळ्या उठतात. कधी कधी तरीही एखादे मेंढरू जाते. कधी कुत्राच बिबट्याच्या तोंडी जातो.

लांडग्याला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण दिले आहे. पण कायद्याच्या आधीपासून माळावरच्या जुन्या मेंढपाळांची समजूत अशी, की कळपातला एखादा वाटा लांडग्याचाच असतो. नुकसान झाले म्हणून हळहळ वाटते, राग येतो, पण लांडगा नाहीसा व्हावा असे त्यांना वाटत नाही. पुष्कळ गावे ज्या रानातून लांडग्याला हाकलून मोकळी झाली, तिथे तो अजून टिकून आहे, त्यात या समजुतीचाही हात आहे.

कुत्र्याला मिळते काय? सकाळ-संध्याकाळ भाकरी आणि थोडे ताक किंवा दूध. एवढ्या पगारावर तो हजारो रुपयांचे धन राखतो. पण आता जाणते मेंढपाळ कुत्र्याला रेबीजची लस टोचून घेऊ लागले आहेत. त्यात घरातल्या मुलांचे भले आहेच, शिवाय रानातल्या लांडग्या-कोल्ह्यांचेही आहे, कारण कुत्र्यांचे रोग त्यांच्यात सहज पसरतात.

एका रात्रीचे मोल

वाटेवरचे शेतकरी या पाहुण्यांची वाट पाहतात. "औंदा आमच्या रानात बसवा," असा निरोप आधीच येतो. रिकाम्या शेतात मेंढ्या एक-दोन रात्री बसवल्या, की लेंडी आणि मूत्र जागच्या जागी जमिनीत मिसळते. गाडीभाडे नको, खत पसरायची मजुरी नको. पूर्वी याचा मोबदला धान्यात मिळे. देशावर ज्वारी-बाजरी, कोकणात भात. आता बहुतेक ठिकाणी रोख पैसे मिळतात. रासायनिक खते स्वस्त आणि मुबलक झाली, तेव्हा ही मागणी घटली होती. जमिनीचा कस उतरल्याचे ध्यानात आल्यावर बरेच शेतकरी पुन्हा मेंढ्यांकडे वळले आहेत.

दुसरी कमाई नर कोकरांची. तीन-चार महिन्यांची झाली, की ती व्यापारी नेतात. मेंढी ही या कुटुंबाची बँकच आहे. लग्न, आजारपण, घराची दुरुस्ती, जे काही निघेल त्यासाठी दोन-चार मेंढ्या विकायच्या.

तिसरी कमाई लोकरीची. ती मात्र आता नावापुरती. दख्खनी मेंढीची लोकर राठ असते आणि वर्षाला एका मेंढीमागे जेमतेम अर्धा-पाऊण किलो निघते. वर्षातून दोनदा कातरणी होते. काही वेळा कातरणाऱ्याची मजुरी लोकरीच्या किमतीपेक्षा जास्त होते. ही लोकर सनगर विणकर घेत. खड्ड्यातल्या मागावर ती विणून, चिंचोक्यांच्या खळीने घट्ट करून घोंगडे तयार होई. अस्सल घोंगडे पावसात अंगाला पाणी लागू देत नाही आणि थंडीत ऊब देते. गिरणीच्या ब्लँकेटांनी आणि प्लॅस्टिकच्या कागदांनी त्याची जागा घेतली. माणदेशात हाताने घोंगडी विणणारी काही घरे अजून आहेत, पण त्यांचे माग कमी होत चालले आहेत.

मेंढीच्या बाबतीत एक चांगली गोष्ट याच मुलखात घडली आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या सुंदरबनातल्या 'गरोळ' या लहानखुऱ्या मेंढीचा जुळी देण्याचा गुण दख्खनी मेंढीत आणला. 'नारी सुवर्णा' नावाने ही मेंढी ओळखली जाते. जुळ्यांमुळे कमी मेंढ्यांत जास्त कोकरे मिळतात. अट एकच, अशा मेंढीला चारा आणि काळजी जास्त लागते. म्हणजे घराजवळ थोड्या मेंढ्या पाळणाऱ्याला ती विशेष सोयीची.

देवही मेंढपाळ

शिरवळपासून जेजुरी लांब नाही. जेजुरीच्या खंडोबाचे वाहन घोडा आणि त्याच्यासोबत कुत्रा. खंडोबाची एक पत्नी म्हाळसा वाण्याघरची आणि दुसरी बाणाई धनगराघरची. कथा अशी सांगतात, की म्हाळसेबरोबर सारीपाटात हरल्यावर देव घर सोडून निघाला आणि बाणाईच्या वाड्यावर मेंढका म्हणून राहिला. म्हाळसा गडावर देवाच्या शेजारी आहे, तर बाणाईचे देऊळ गड चढताना वाटेत लागते. घोडा, कुत्रा आणि मेंढ्या या तिघांनाही एकाच देवाच्या कथेत मानाची जागा मिळाली, ती उगीच नाही. ज्यांच्या जगण्यात ही तीन जनावरे होती, त्यांनीच ती कथा पिढ्यानपिढ्या गायिली. गुंथर सोन्थायमर या जर्मन अभ्यासकाने मेंढपाळांबरोबर फिरून बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा या देवांवर १९७६ मध्ये मोठा ग्रंथ लिहिला, तो या गाण्या-कथांच्या आधारावर.

पंढरीच्या वारीतही या जनावरांचा मान आहे. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीसोहळ्यात लोणंद ते फलटण वाटेवर चांदोबाचा लिंब येथे घोड्यांचे पहिले उभे रिंगण होते. तुकाराम महाराजांच्या पालखीला बारामतीजवळ काटेवाडीत मेंढ्यांचे रिंगण होते. शेकडो मेंढ्या पालखीभोवती धावत फेरी घालतात. कोकणातून परतलेल्या कळपांना हा मान आषाढीच्या आधी मिळतो.

हे नाते मराठी मुलखापुरते थांबत नाही. ज्या महामार्गावर आपली गाडी मेंढ्यांसाठी थांबली, तोच पुढे बेंगळुरू ओलांडून आनेकल तालुक्यातून तामिळनाडूत उतरतो. कर्नाटकभर कुरुब मेंढपाळ आहेत. आपल्या बिरोबाला ते बीरेश्वर म्हणतात आणि घोंगडीला कंबळी. दक्षिणेकडे मेंढ्यांच्या जाती बदलतात, भाषा बदलते. मेंढपाळाच्या खांद्यावरची काठी आणि घोंगडी तीच राहते. आनेकलच्या बाजूला आज कारखाने आणि संगणक कंपन्यांनी माळ व्यापले आहेत. पुण्याच्या भोवतीही हेच घडते आहे. रस्त्याच्या दोन्ही टोकांना प्रश्न सारखाच आहे: चरायचे कुठे?

घोडी जाते, टेम्पो येतो

चराऊ रान कमी होण्याची गोष्ट जुनी आहे. इंग्रजांनी १८७८ चा वन कायदा केला आणि जंगले राखीव झाली. नीरेच्या कालव्यांनी बारामती-फलटणला ऊस आला. जमीन बागायती झाली, पण मोकळे रान घटले. उरलेल्या माळांवर कुठे वृक्षारोपण, कुठे वसाहती, कुठे फार्महाऊसची तारेची कुंपणे. २००६ च्या वन हक्क कायद्याने भटक्या पशुपालकांचा हंगामी चराईचा हक्क मान्य केला आहे. पण तो मिळवायला कागद लागतात, आणि कागद गोळा करायला एका जागी राहावे लागते.

रस्तेही बदलले. चौपदरी महामार्गाला दुभाजक आले. भरधाव वाहन कळपात घुसून मेंढ्या मेल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. म्हणून आता बरीच कुटुंबे घोड्यांऐवजी पिकअप टेम्पो भाड्याने घेतात. सामान, कोकरे, म्हातारी माणसे टेम्पोत बसतात आणि तासाभरात पुढच्या मुक्कामी पोहोचतात. बायकांचे पायी चालणे वाचते, हा फायदा लहान नाही. ज्या बाईने वीस वर्षे घोडीचा दोर धरून घाट चढला आहे, तिला टेम्पोत बसताना वाईट वाटावे असे काही नाही.

पण घोडी गेली, की काही गोष्टी तिच्याबरोबर जातात. टेम्पो डांबरी रस्ता सोडून जात नाही. त्यामुळे मुक्काम रस्त्याकडेलाच करावा लागतो आणि आतल्या रानातला चारा हातचा जातो. टेम्पोला भाडे आणि डिझेल लागते. घोडी बांधावरचे गवत खाऊन चालते. २०१९ च्या पशुगणनेत देशातल्या मेंढ्यांची संख्या आधीच्या गणनेपेक्षा १४ टक्क्यांनी वाढून ७ कोटी ४२ लाखांवर गेली. त्याच काळात घोडे आणि तट्टे मात्र ६ लाख २५ हजारांवरून ३ लाख ४० हजारांवर आले. मेंढीला बाजारात भाव आहे, म्हणून ती टिकेल. कुत्रा कुठेही टिकतो. तिघांपैकी धोक्यात आहे ती घोडी. जातीची सरकारी नोंद झाली आणि नेमके तेव्हाच तिचे काम सुटत चालले आहे. काम सुटलेले जनावर केवळ कौतुकावर फार काळ जगत नाही.

काठी आणि पाटी

वाड्यातली सगळ्यात अवघड निवड मात्र जनावरांची नसते, मुलांची असते. शाळा जूनमध्ये सुरू होते आणि दिवाळीनंतर आईवडील निघतात. मुलाला बरोबर न्यावे तर शाळा बुडते. गावी आजी-आजोबांजवळ ठेवावे तर सहा महिने आईची भेट नाही. पुष्कळ घरांत दोन मुलांचे दोन मार्ग ठरतात. एक शाळेत, एक मेंढ्यांमागे. मुलींच्या वाट्याला शाळेपेक्षा धाकट्या भावंडांना सांभाळणे जास्त येते. वसतिगृहे आहेत, पण लहानग्याला तिथे सोडून घाट उतरणाऱ्या आईला विचारले, तर ती पदराने डोळे पुसून विषय बदलते.

२०२५ च्या एप्रिलमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कागल तालुक्यातील यमगे गावचा बिरदेव ढोणे हा मेंढपाळाचा मुलगा केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत ५५१ वा आला. निकाल कळला तेव्हा तो मेंढ्या चारत होता. डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडे आणि भोवती मेंढ्या अशी त्याची छायाचित्रे घराघरांत पोहोचली. त्या दिवशी कितीतरी वाड्यांत मोबाइलवर ती छायाचित्रे पुन्हा पुन्हा पाहिली गेली असतील. त्या आनंदात एक प्रश्नही दडलेला आहे. शिकलेला मुलगा परत मेंढ्यांमागे येणार नाही, आणि त्याने यावे असे आईवडिलांनाही वाटत नाही. मग दख्खनी मेंढीची पारख, पाऊस ओळखण्याची नजर आणि कुठल्या ओढ्याला कधी पाणी असते याची आठवण, हे सारे कुणाकडे राहणार?

२०१७ मध्ये राज्य सरकारने 'राजे यशवंतराव होळकर महामेष योजना' सुरू केली. तिच्यात वीस मेंढ्या आणि एक मेंढा यांसाठी ७५ टक्के अनुदान मिळू शकते. संयुक्त राष्ट्रांनीही २०२६ हे वर्ष चराऊ राने आणि पशुपालक यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केले. शिक्षण आणि मेंढपाळी यांची सांगड घालण्याचे प्रयोगही होत आहेत. एका भावाने नोकरी करायची, दुसऱ्याने सुधारित मेंढ्या घराजवळ पाळायच्या, अशी वाटणी काही कुटुंबांनी केली आहे. ती यशस्वी झाली, तर गावातली ती दोन-चार एकर जमीन आणि तिच्यावरचे घर बारमाही गजबजेल. पण कोकणची वाट मात्र ओस पडेल.

पाहायला जायचे तर

कार्तिक ते पौष या दिवसांत भोर-महाड रस्त्याने गेले, तर वाडे हमखास दिसतात. पुण्याहून भोर सुमारे ५५ किलोमीटर आहे. भाटघर धरणाचा परिसर आणि वरंध घाट पाहण्यासारखे आहेत. पावसाळ्यात हा घाट दरडींमुळे बंद ठेवला जातो, म्हणून आधी चौकशी करावी. जेजुरीही एका दिवसात होते.

वाडा दिसला, की थेट आत शिरू नये. लांबूनच "रामराम" घालावा आणि कुणी बोलावले, तरच पुढे जावे. कुत्रा भुंकू लागला तर पळू नये, दगडही उचलू नये. जागेवर उभे राहावे, घरातले माणूस त्याला आवरते. घोडीच्या मागच्या बाजूने जाऊ नये. लहान मुलांना कोकरू मांडीवर घ्यायचे असेल, तर आधी विचारावे. छायाचित्र काढण्यापूर्वीही विचारावे. बाई भाकरी थापत असेल, तर ती तुम्हाला बसा म्हणेल आणि शेळीच्या दुधाचा चहा पुढे करील. तो नको म्हणू नये. जमल्यास एखादे हातविणीचे घोंगडे विकत घ्यावे. ते पंधरा-वीस वर्षे सहज टिकते.

आणि परतताना महामार्गावर पुन्हा मेंढ्या आडव्या आल्या, तर भोंगा वाजवू नये. भोंग्याने मेंढ्या बिथरतात, घोडी बुजते आणि तिच्या पाठीवर झोपलेले मूल दचकून उठते. पाच मिनिटे गाडी थांबवावी. एक घर रस्ता ओलांडत असते.